पडलेलं लाकूड उचलावं की राहू द्यावं? बेडूक आणि सॅलॅमँडर डोळ्यांसमोर ठेवून केलेली तुलना

झाडतोड किंवा विरळणी (दाट वनातली काही झाडं काढणं) झाली की खाली पडलेल्या लाकडाचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. लाकूड किती उचललं यापेक्षा कोणतं उचललं आणि डोक्यावर सावली उरली का, हे बेडूक आणि पालीसारखे दिसणारे, ओल्या कातडीचे सॅलॅमँडर अशा उभयचरांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

सगळं उचललं तर जमीन मोकळी होते, लागवड सोपी जाते. पण प्लेथोडॉन्टिडी कुळातल्या सॅलॅमँडरना फुप्फुसंच नसतात. कातडी सुकली की श्वास थांबतो. जाड ओंडक्याखाली भर दुपारीही ओल टिकते. लाल पाठीच्या सॅलॅमँडरची मादी कुजक्या ओंडक्याच्या पोकळीत, वरच्या बाजूला, अंड्यांचा इवलासा घोस टांगते आणि पिल्लं निघेपर्यंत त्याला बिलगून राखण करते. असा ओंडका ट्रकमध्ये चढला की त्या हंगामाची वीणही जाते.

तरी अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात सव्हाना रिव्हर साइट या सरकारी क्षेत्रातल्या लॉबलॉली पाइनच्या वनात 10 सेंमी आणि त्याहून जाड लाकूड उचलून पाहिलं, तेव्हा उभयचरांत मोठा फरक दिसला नाही. यावरून ‘उचला खुशाल’ असं ठरवू नये. तिथे झाडं उभी होती, सावली होती. सरसकट तोड झालेल्या उघड्या जमिनीवर लाकूड हाच शेवटचा आडोसा असतो. शिवाय जाड खोड कुजायला दशकं लागतात, त्यामुळे आजच्या उचलीची तूट फार उशिरा कळते.

सगळं ठेवलं तर बारीक फांद्यांमुळे आग वेगाने पसरते, आणि सूचिपर्णी वनात ताज्या सालीत साल पोखरणारे भुंगेरे वाढतात. जुन्या, साल गळलेल्या ओंडक्यात त्यांना खायला काही उरत नाही. भुंगेऱ्यांच्या भीतीने तो हलवणं निव्वळ नुकसान.

निवडून उचलणं आम्हाला सर्वांत योग्य वाटतं. चाकू टोचून पाहा: पातं सहज आत गेलं तर तो ओंडका जागचा हलवू नका, उलटवूही नका. टणक, ताजं, बारीक लाकूड न्या. पण काही जाड ताजी खोडं सावलीत, जमिनीला पूर्ण टेकलेली ठेवा, पुढच्या पिढीचे कुजके ओंडके त्यातूनच होतील.

चूक होते ती ढिगांत. फांद्यांचा ढीग महिनोन्‌महिने पडून राहिला की बेडूक आत मुक्काम करतात आणि उचलताना चिरडतात. म्हणून ढीग लगेच न्या, नाहीतर कायमचा सोडा. ओल्या जमिनीवर ओढकाम (ओंडके ओढून नेणं) टाळा: चाकोरीत पाणी साचतं, बेडूक तिथे अंडी घालतात आणि बेडूकमाशांना पाय फुटायच्या आत ते आटतं.