ठिणगी दाखवली आणि बॅटरी नेली

गाडीची बॅटरी जोडताना शेवटच्या टर्मिनलला बारीक ठिणगी उडते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. हे आधीच सांगतो, कारण माझ्याकडून ९,२०० रुपये उकळले गेले ते याच ठिणगीच्या जोरावर.

गणपतीला आम्ही रेल्वेने कोकणात गेलो होतो, गाडी बोरिवलीत सोसायटीच्या आवारात उभी. परत आलो तर सेल्फ नुसता टकटक करत होता. बॅटरी उतरली होती, बस. गेटजवळच्या भिंतीवर ‘घरपोच बॅटरी सेवा’ असं स्टिकर होतं, त्या नंबरवर फोन केला. पोरगा लगेच हजर, जिभेवर साखर, बाइकच्या मागे बॅटरी बांधलेली. “काका, चावी द्या, जरा आतून बघतो.” आत बसून खुडबुड केली, मग माझी बॅटरी काढून त्याची ठेवली आणि निगेटिव्हचा क्लॅम्प टेकवला. फाट्! चांगली मोठी ठिणगी. त्याने हात झटकन मागे घेतला.

“बघितलंत? वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. त्यानेच तुमची बॅटरी मारली. अशीच नवी लावली तर तीही जाईल, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडाला तर पन्नास हजारांचा खड्डा.”

ठिणगी उडाली त्याच क्षणी डॅशबोर्डमधून पंख्याची घरघर ऐकू आली होती. सगळी मेख तिथेच होती. चावी ऑन, एसीचा पंखा पूर्ण वेगावर. पंखाच दहा-पंधरा अँपिअर सहज ओढतो. एवढा लोड चालू ठेवून क्लॅम्प टेकवला की कुठल्याही धडधाकट गाडीत ठिणगी उडणारच. मग साहेब डॅशबोर्डखाली आडवे झाले, एका वायरला काळी टेप गुंडाळली, उठताना पंखा आणि चावी बंद केली असणार, आणि पुन्हा क्लॅम्प टेकवला. या वेळी जेमतेम चिर्र. “निघाला शॉर्ट!”

बॅटरी ६,२००, शॉर्ट काढणे २,५००, व्हिजिट ५००. बिल म्हणजे वहीतला फाटका कागद, त्यावर ना सिरियल नंबर ना दुकानाचा पत्ता. माझी जुनी बॅटरी “डेड आहे, भंगारात टाकतो” म्हणून घेऊन गेला. ती वॉरंटीत होती आणि फक्त चार्ज करायची गरज होती. एरवी दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे वजा करतो, कारण आतल्या शिशाला भाव असतो. याने छदामही वजा केला नाही.

‘नवी’ बॅटरी लवकरच बसली. कलिन्याला सीएसटी रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने आधी बॅटरीकडे बोट दाखवलं. शिशाच्या खुंटांवर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे, आणि कोड पंच केलेला असतो ती जागा खरवडलेली. स्टिकर तेवढं कोरं करकरीत. रात्रभर चार्ज करून ठेवल्यावरही मीटरवर १२.२ व्होल्ट, चांगल्या बॅटरीत १२.६ तरी दिसायला हवेत.

मग शॉर्ट शोधला. सगळं बंद, दारं बंद, चावी खिशात. निगेटिव्हचा क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर जोडला आणि गाडी ‘झोपेपर्यंत’, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक्स शांत होईपर्यंत, अर्धा तास थांबला. बंद गाडी ओढत असलेल्या करंटचा आकडा आला ३० मिलिअँपिअर. ५०च्या आत असला की ठीक. म्हणजे शॉर्ट कधी नव्हताच. पण ३० मिलिअँपिअरनेही चोवीस तासांत पाऊण अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप) जातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, त्यात शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे आधीच अर्धवट चार्ज; गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ती उतरणारच.

बारीक ठिणगी का उडते तेही त्यानेच सांगितलं: ईसीएम, म्युझिक सिस्टिम, अलार्म यांच्यातले कपॅसिटर रिकामे झालेले असतात, जोडताच ते एका दमात भरतात. खरा शॉर्ट असेल तर सगळं बंद असतानाही दर वेळी तडतडाट होतो, वायर गरम होते किंवा फ्यूज उडतो. तसं दिसलं तर पुन्हा क्लॅम्प टेकवत बसू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

तेव्हा कुणी ठिणगी दाखवून ‘शॉर्ट’ म्हणाला की चावी परत मागा, पंखा-दिवे स्वतः बंद करा आणि मीटरवरचा आकडा दाखव म्हणा. मीटर नसेल तर क्लॅम्प आणि निगेटिव्ह खुंट यांच्यामध्ये टेस्टिंग बल्ब लावायला सांगा. गाडी झोपल्यावरही लख्ख पेटला तरच पुढचं बोलणं. नव्या बॅटरीचा सिरियल नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. जुनी बॅटरी फुकट हलू देऊ नका.

स्टिकरवरचा नंबर आता बंद आहे. यूपीआयचे पैसे तिसऱ्याच नावावर गेलेत. त्या नोंदीचा आणि खरवडलेल्या कोडचा फोटो जोडून मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे आणि पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे.