अकरा गुणांचा सिलायेव, सत्तर गुणांचा डिकिन्सन

न्यू जर्सीतल्या एडिसनचा माझा मावसभाऊ न्यू जर्सी डेव्हिल्स या आइस हॉकी संघाचा कट्टर चाहता. हे लिहितोय जून 2024 मध्ये: येत्या 28 जूनला लास व्हेगासमध्ये एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट आहे. त्यात संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात आणि डेव्हिल्सची पाळी दहावी. परवा फोनवर म्हणाला, "अख्ख्या मोसमात 11 गुण काढणाऱ्या त्या सिलायेवला दहावा नंबर कशाला? त्यापेक्षा डिकिन्सन घ्या, नाहीतर ब्युइअम." प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिघेही बचावपटू, तिघेही डावखुरे. अंतोन सिलायेव रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदच्या तोर्पेदो संघाचा: 63 सामने, 3 गोल, 8 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला लावलेला हातभार). गोल आणि असिस्ट मिळून गुण होतात. सॅम डिकिन्सन ओंटारियोच्या लंडन नाइट्सचा: 68 सामन्यांत 70 गुण, त्यात 18 गोल. झीव ब्युइअम डेन्व्हर विद्यापीठाचा: 42 सामन्यांत 50 गुण. कागदावर सिलायेव या दोघांच्या पासंगालाही पुरत नाही.

पण गुण कोणासमोर काढले? डिकिन्सन ज्या ओएचएल या कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये खेळतो तिथे सगळी 16 ते 20 वर्षांची मुलं. ब्युइअमसमोर कॉलेजची, म्हणजे थोडी थोराड. सिलायेव 11 एप्रिलला अठरा वर्षांचा झाला. म्हणजे जवळपास अख्खा मोसम तो सतराव्या वर्षी, केएचएल या रशियातल्या व्यावसायिक लीगमध्ये, तिशीतल्या व्यावसायिकांना अंगावर घेत खेळला. रणजीत मुरलेल्या गोलंदाजांसमोर चाळीस धावा करणारा पोरगा आणि 19 वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात द्विशतक ठोकणारा पोरगा यांत कोण मोठा, हा वाद आपल्याला काही नवा नाही. मात्र एक सांगायला हवं: सिलायेवचे बहुतेक गुण मोसमाच्या सुरुवातीचे आहेत. नंतर ती धार बोथट झाली. त्याच्याकडून गोलांची अपेक्षा ठेवून त्याला घेणार असाल तर नका घेऊ.

मग घ्यायचं कशासाठी? उंची सहा फूट सात इंच. उंच बचावपटू पुष्कळ असतात, पण बहुतेकांची वळताना त्रेधा उडते. हा वळतो. प्रतिस्पर्धी वेगाने निळ्या रेषेकडे, म्हणजे बचावाचा भाग सुरू होतो तिथे, आला की हा मागे सरकत अंतर राखतो आणि मग ती लांबलचक काठी अशी मध्ये घालतो की समोरच्याला बोर्डाच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीच्या, कडेकडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. असा बचाव गुणतक्त्यात कुठेच उमटत नाही, त्यासाठी सामने बघावे लागतात. आणि इथे आम्ही पुणेकर नशीबवान! एनएचएलसाठी पहाटे साडेपाचचा गजर लावावा लागतो, पण तोर्पेदोचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर सुरू होतो.

उणीवही सामन्यांतच दिसते. पक (हॉकीची रबरी चकती) ताब्यात आल्यावर, दोघे अंगावर धावून आले की त्याचं डोकं क्षणभर थांबतं. सोपा पास मिळाला तर ठीक, नाहीतर भिंतीवरच्या काचेवर मारून मोकळा. ब्युइअमचं नेमकं उलट. त्याला निळ्या रेषेवर पक द्या, खांद्याची एक हूल, पायाची एक, आणि समोरचा भलतीकडे गेलेला असतो. या वर्षी त्याने जानेवारीत अमेरिकेबरोबर जागतिक ज्युनियर सुवर्ण आणि एप्रिलमध्ये डेन्व्हरबरोबर एनसीएए (अमेरिकी कॉलेज) विजेतेपद मिळवलं. उंची जेमतेम सहा फूट. माझ्या मते खेळाडू म्हणून तिघांत तोच सरस, हे आधीच कबूल करतो.

डिकिन्सनबद्दल फार लिहावं असं नाही आणि ती त्याची स्तुतीच आहे. सहा फूट तीन इंच, धावतो छान, दोन्ही टोकांना चालतो. धोका सगळ्यांत कमी.

आता डेव्हिल्सचं घर बघू. पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, पक फिरवायला ल्यूक ह्यूज आहे, डगी हॅमिल्टन आहे, सिमॉन नेमेत्स आहे. ब्युइअम कितीही गुणी असला तरी इथे त्याला रांगेत उभं राहावं लागेल. उलट 19 जूनला गोलरक्षक मार्कस्ट्रॉम आणण्यासाठी कॅल्गरीला ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या एका निवडहक्कासोबत कोण गेला? केव्हिन बाल: डावखुरा, आडदांड, गोलसमोर उभा राहणारा. गेल्या आठवड्यात रिकामी झालेली जागा सिलायेवच्या मापाची आहे.

अडचण एकच, पण मोठी: वाट पाहणं. तोर्पेदोशी त्याचा करार 2025-26 पर्यंत आहे. एनएचएल आणि रशिया यांच्यात खेळाडू सोडवण्याचा करारच नाही, त्यामुळे मध्येच उचलून आणता येत नाही. उलट बाजू अशी की ओएचएलच्या खेळाडूशी दोन वर्षांत करार केला नाही तर तो हातचा जातो, रशियन खेळाडूवरच्या हक्काला तशी मुदत नाही. भर म्हणून 2022 पासून रशियाचे संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर आहेत. ब्युइअमला स्काउटांनी (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनी) जागतिक ज्युनियर स्पर्धेत स्वीडनमध्ये जगातल्या उत्तम मुलांसमोर पाहिलं. सिलायेवला तशी संधीच नव्हती. जे काही जोखायचं ते केएचएलवरून.

डेव्हिल्सना वाट पाहण्याची सवय जुनी आहे. व्याचेस्लाव फेतिसोवला त्यांनी 1983 मध्ये निवडलं, तो आला 1989 मध्ये. दुसरा अनुभव कडू: 2013 मध्ये इल्या कोवाल्चुक कराराची 12 वर्षं आणि 7 कोटी 70 लाख डॉलर मागे टाकून रशियाला परतला. मावसभावाच्या रागाचं मूळ तिथेच आहे, गुणांत नाही. पण कोवाल्चुक आलेला माणूस परत गेला. हा अजून यायचा आहे. शिवाय सध्या, 2024 मध्ये, तोर्पेदोचा प्रशिक्षक आहे इगोर लारिओनोव. त्याने खेळाडू म्हणून शेवटचा मोसम, 2003-04 चा, न्यू जर्सीतच काढला. पोराला तिथलं काही विचारायचं असेल तर माणूस ड्रेसिंग रूममध्येच आहे.

तेव्हा भावा, असं कर. संघाला 2025 च्या शरद ऋतूतच नवा बचावपटू हवा असेल तर डिकिन्सन. ल्यूक ह्यूज नसता तर मी डोळे मिटून ब्युइअम म्हटलं असतं. पण ह्यूज आहे, बाल नाही आणि दोन वर्षं थांबायची तयारी असेल तर सिलायेव. तो तुला डेव्हिल्सच्या प्रुडेन्शियल सेंटरमध्ये इतक्यात दिसायचा नाही. मी मात्र रात्री साडेनऊला बघून तुला कळवत जाईन.