मागच्या बाकावर बसावं की फळ्याशेजारी उभं राहावं? छात्रशिक्षकांना मार्गदर्शन करण्याच्या दोन पद्धती

अध्यापक महाविद्यालयाचं पत्र आलं की मुख्याध्यापक विषयवार नावं वाटून टाकतात आणि आपल्या वाट्याला एक-दोन छात्रशिक्षक, म्हणजे शाळेत शिकवण्याचा सराव करायला आलेले बी.एड.चे विद्यार्थी, येतात. मार्गदर्शकानं नेमकं करायचं काय, ते पत्रात लिहिलेलं नसतं. वर्ग त्यांच्या हवाली करून स्टाफरूममध्ये पेपर तपासत नाहीतर यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरत बसायचं, ही प्रथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो. उरतात दोन वाटा. एक, मागच्या बाकावर बसून पाठाचं निरीक्षण करायचं आणि तास झाल्यावर बोलायचं. दुसरी, त्याच वर्गात दोघांनी मिळून शिकवायचं, म्हणजे सहअध्यापन. मी सहावी ते आठवीला गणित शिकवतो, दोन्ही करून पाहिलंय. यंदा ज्यांच्यावर ही जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे त्यांना निवड करताना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

निरीक्षण आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, कारण आपण स्वतः तसेच शिकलो. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटण्याचं, ते छत्तीस मिनिटांचं चक्र आठवत असेल: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही ते सांगणं), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, मग परत सहा आणि सहा. त्यानंतर सराव पाठ. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पंचपदीवर, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांवर, बेतलेलं टाचण (पाठाचा लेखी आराखडा), 'आज आपण काय शिकणार' हे ठसक्यात सांगणारं हेतुकथन, गुंडाळफळ्यावर घरूनच लिहून आणलेली उदाहरणं आणि मागे निरीक्षण वही उघडून बसलेले प्राध्यापक. बी.एड. एक वर्षाचं होतं तोवर ते चालून गेलं. विद्यार्थी यायचा, नेमून दिलेले पाठ घ्यायचा, फाइलवर सह्या घेऊन जायचा. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीनंतर अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) किमान २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवडे एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं मागे बसून लिहायचं, हे दोघांनाही जड जातं.

तरी निरीक्षणाला कमी लेखायचं कारण नाही. मागे बसल्यावर जे दिसतं ते फळ्याशेजारून दिसत नाही. मी एका कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढतो आणि छात्रशिक्षक ज्याला प्रश्न विचारेल त्याच्या बाकावर एक रेघ मारतो. तास संपल्यावर कागद नुसता पुढे ठेवायचा. पुढच्या दोन बाकांवर रेघांची गर्दी आणि खिडकीकडची अख्खी रांग कोरी. वेगळं काही बोलावंच लागत नाही. वर्गातलं बोलणं मोजायची फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाची एक पद्धत आहे, आंतरक्रिया विश्लेषण; तीत दर तीन सेकंदांनी, दहा प्रकारांपैकी वर्गात त्या क्षणी काय चाललंय त्याचा आकडा टिपतात. तेवढा धीर कुणाला असेल तर उत्तम; मला रेघा पुरतात. शिवाय महाविद्यालयाला निरीक्षण तक्ता भरून हवा असेल तर तो मागे बसूनच नीट भरता येतो. मार्गदर्शकाला फारशी तयारी लागत नाही, हाही फायदाच. टाचणावर नजर, त्याखाली सही, की बाकावर जाऊन बसायला मोकळे.

मग अडलं कुठे? मुलांच्या मानांवर.

छात्रशिक्षिका प्रश्न विचारते, एक मुलगा उत्तर देतो, ती म्हणते 'बरोबर'. आणि निम्मा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघतो: खरंच बरोबर ना, सर? मुलांचा यात काही दोष नाही. वर्षभर ज्याच्या हातात त्यांचे पेपर आहेत तो मागे बसलाय. मी जागा बदलून पाहिली, दारामागच्या कोपऱ्यात बसलो, चेहरा वहीत घातला. तर मुलं माझं पेन वाचायला लागली. सर लिहायला लागले म्हणजे मॅडमचं काहीतरी चुकलं, हे सहावीच्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. एकदा मी वहीत नुसती तारीख घालत होतो, तेवढ्यात बाजूच्या बाकावरून कुजबुज आली, 'सरांनी लिहिलं रे.' ती शिकवणाऱ्या मुलीलाही ऐकू गेली. मग तिचीही नजर मागे यायला लागली. वाक्य अर्ध्यावर, खडू हातात, डोळे माझ्या पेनावर. समोरच्या मुलांशी बोलायचं सोडून ती माझ्याशीच बोलायला लागली, आणि तो तास गणिताचा न राहता तोंडी परीक्षेचा झाला. हळूहळू सवय होते, असं काही सहकारी म्हणतात. त्यांच्या वर्गात होत असेल. माझ्या वर्गात माना शेवटपर्यंत वळत राहिल्या.

आणखी एक बारीकशी कटकट वेळेची. पस्तीस मिनिटांची तासिका संपते तेव्हा मला दुसरा वर्ग असतो, तिला दुसरा पाठ. प्रत्याभरण जिन्यात उभ्या उभ्या होतं किंवा दुपारी, शेऱ्याच्या रकान्यातून. 'विद्यार्थ्याच्या उत्तरामागचा विचार जाणून घ्यावा' हे वाक्य तीन तासांनी वाचून कुणाला काय उमगणार? तो विद्यार्थी तोवर घरी गेलेला असतो.

सहअध्यापनात नेमकं उलटं होतं. ही काही परदेशातून उचलून जशीच्या तशी लावायची गोष्ट नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट क्लाउड विद्यापीठानं छात्रशिक्षकांसाठी याचे सात प्रकार मांडलेत, पण साठ मुलं आणि जमिनीत पक्के केलेले बाक असतील तर त्यातले दोन-तीनच आपल्या कामाचे. एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं रांगांमधून फिरत वह्या बघायच्या, हा पहिला. वर्गाचे दोन भाग करून अर्धी मुलं व्हरांड्यात न्यायची, हा दुसरा. शेजारच्या वर्गाचे शिक्षक समजूतदार हवेत, एवढंच. आणि तिसरा, मला सगळ्यात आवडणारा: दोघांनीही मुलांसमोर उभं राहून एकमेकांशी बोलत शिकवायचं.

एक प्रसंग सांगतो. सहावीचा वर्ग, धडा पूर्णांक संख्यांचा. छात्रशिक्षिकेनं विचारलं, 'उणे दोन मोठी की उणे सात?' एक मुलगा उठला, 'उणे सात. सात मोठे असतात ना.' तिनं संख्यारेषा दाखवली, उजवीकडची संख्या मोठी हा नियम सांगितला, मग तोच नियम आणखी मोठ्या आवाजात सांगितला. मुलांनी माना डोलावल्या, पण समजलं नव्हतं. मी खिडकीपाशी उभा होतो. म्हटलं, 'मॅडम, एक विचारू का? माझी दुकानात दोन रुपये उधारी आहे, याची सात रुपये. आमच्यात बरी गत कुणाची?' तिनं धागा उचलला आणि त्याच मुलाला विचारलं. तो हसला, 'सरांची.' 'मग मोठी संख्या कोणती?' तो म्हणाला, 'पण मॅडम, उधारी तर सातचीच मोठी आहे!'

पोराची शंका रास्त होती. माझ्याच उदाहरणानं तिला अडचणीत आणलं होतं. मी मुद्दाम गप्प राहिलो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'दोघांना दहा-दहा रुपये दिले. आधी उधारी फेडा. आता हातात जास्त कुणाच्या?' मुलांनी हिशेब केला, आठ आणि तीन. मग ती संख्यारेषेकडे वळली आणि दोन्ही ठिकाणांवरून दहा-दहा घरं उजवीकडे चालून दाखवली. तो मुलगा फळ्याकडे बघत होता, वर्गही फळ्याकडे बघत होता. माझ्याकडे वळून बघायला मी मागे नव्हतोच.

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. चुकलेली गोष्ट चुकल्या जागीच, तो विद्यार्थी समोर असताना दुरुस्त होते, आणि ती दुरुस्ती छात्रशिक्षिका स्वतः करते. 'मला एक शंका आहे, मॅडम' हे वाक्य मार्गदर्शकाच्या खिशात कायम असावं. त्यात दुरुस्ती होते आणि तिचा मानही राहतो. मुलांसमोर तिला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचं, हे तर धरूनच चाला. दुसरा फायदा हिशेबी आहे. बी.एड.वाले गेल्यावर तोच धडा पुन्हा घ्यावा लागतो, पोर्शन मागे पडतो, पालक विचारायला येतात. मिळून शिकवलेला धडा मला पुन्हा घ्यावा लागलेला नाही.

अडचणी आहेतच. आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवावं लागतं की सुरुवात कोण करणार, उदाहरण कुणाचं, कुठे कुणी थांबायचं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता हे होतं, पण होतंच असं नाही. परीक्षांच्या दिवसांत तर विसराच. आणि खरा धोका मार्गदर्शकाकडूनच असतो. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला गप्प उभं राहणं अवघड जातं. एक शंका विचारायला पुढे झालेले सर अख्खं प्रमेय सिद्ध करूनच मागे येतात, आणि छात्रशिक्षक डस्टर धरून उभा. आपला स्वभाव तसा असेल तर खुशाल मागच्या बाकावर बसा, तेच त्याच्या हिताचं. बुजरा छात्रशिक्षक असेल तर त्याला सुरुवातीला आपण शेजारी हवे असतो. ज्याला आत्मविश्वास आहे त्याला आपली लुडबुड वाटू शकते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमावर, म्हणजे पदवी आणि बी.एड. एकत्रच करण्यावर, भर आहे. बारावीनंतर थेट त्यात गेलेली मुलं पुढे शाळेत येतील ती आजच्या पदवीधरांपेक्षा लहान असतील. त्यांना शेजारी उभं राहणारं कुणीतरी जास्तच लागेल, असा माझा अंदाज.

तेव्हा छात्रशिक्षक मोजक्या पाठांपुरता येणार असेल, तर निरीक्षण पुरेसं आहे आणि सोपंही. सोळा आठवडे तो तुमच्याच वर्गात असेल, तर मी तरी सहअध्यापनाकडेच जाईन. बाकांचा नकाशा मी सोडलेला नाही, फक्त आता तो छात्रशिक्षिकेच्या हातात देतो. पहिल्या आठवड्यात मी शिकवतो आणि ती माझ्या प्रश्नांच्या रेघा मारते. खिडकीकडची रांग माझ्याही नकाशात बरीच कोरी निघते, आणि ते बघितल्यावर तिची भीड निम्मी कमी होते. शेवटच्या काही आठवड्यांत वर्ग तिचा एकटीचा. तेव्हा मी मागेही बसत नाही, व्हरांड्यातून एखादी फेरी मारतो.

एक व्यवहाराची गोष्ट तेवढी आधीच उरकून घ्या. दोघांनी मिळून घेतलेला तास 'पाठ' म्हणून फाइलमध्ये धरायचा की नाही, हे महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना पहिल्याच भेटीत विचारा आणि त्यांचं उत्तर टाचण वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांची सही घ्या. धरत नसतील तर आठवड्यातले एक-दोन तास तिच्या एकटीच्या नावावर वेळापत्रकातच टाकून ठेवा, म्हणजे शेवटी पाठांचा आकडा गाठायला एका दिवसात चार-चार वर्ग मागत फिरावं लागणार नाही.