'डोअर टू डोअर' म्हणाले आणि सामान रॉटरडॅमला अडवून धरलं

२४ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी रॉटरडॅमच्या एका गोदामाकडून मेल आला. तुमचं सामान पोचलं आहे, २,८६० युरो भरा आणि घेऊन जा. पाच दिवसांत पैसे आले नाहीत तर रोजचं गोदामभाडं वेगळं. मी तो मेल तीनदा वाचला. पुण्यातल्या सामान पोचवणाऱ्या कंपनीला आम्ही सगळे पैसे आधीच चुकते केले होते. कोथरूडच्या दारापासून ॲम्स्टरडॅमच्या दारापर्यंत, ३,३८,००० रुपये. तरीही आमचं सामान परक्या गोदामात अडकलं होतं आणि ते सोडवायला आणखी अडीच लाखांच्या वर रक्कम मागितली जात होती.

नेदरलँड्सला यायला निघालेल्या तीन कुटुंबांनी गेल्या काही महिन्यांत मला विचारलं, "कोणाकडून सामान आणलंत?" त्यातल्या एकांनी दाखवलेल्या कोटेशनवर तिकडचा खर्च गिऱ्हाइकावर टाकणारी, अगदी आमच्यासारखीच ओळ होती. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

नवरा नोकरीसाठी मार्च २०२४ मध्ये पुढे गेला. योर्दान भागात, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या जुन्या कालव्यांना लागून, तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मी आणि मुलगी जुलैत निघणार होतो. चार कंपन्यांकडून दर मागवले. तिघांची माणसं घरी आली, टेप लावून कपाट, पलंग, पुस्तकं मोजून गेली. त्यांचे आकडे साडेपाच ते सव्वासहा लाखांच्या दरम्यान होते. चौथ्याने व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. बारा मिनिटांत म्हणाला, "ताई, आठ सीबीएम होईल. आपल्याच माणसांचं काम आहे, तुम्ही निवांत राहा." सीबीएम म्हणजे घनमीटर, या धंद्यात सगळं भाडं त्यावर चालतं. दोन लाखांचा फरक बघून आम्ही त्यालाच काम दिलं. इतकं स्वस्त का, हे विचारायचं सुचलं नाही.

कोटेशनवर 'डोअर टू डोअर' ठळक अक्षरांत होतं. खाली बारीक टायपात एक ओळ होती: 'डेस्टिनेशन चार्जेस ॲज पर ॲक्च्युअल्स'. तिकडे जो काही खर्च येईल तो तुम्ही द्यायचा, किती ते आत्ता सांगणार नाही, असा तिचा अर्थ. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते फॉर्मॅटमध्येच असतं ताई, कंपनी पॉलिसी." मी मान्य केलं.

या ओळीमागचा धंदा मला नंतर कळला. रॉटरडॅममध्ये मालवाहतुकीच्या कामात असलेल्या एका सातारच्या गृहस्थांनी समजावून सांगितला. तुमचं सामान कमी असेल तर अख्खा कंटेनर लागत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते आणि त्यात आठ-दहा गिऱ्हाइकांचा माल एकत्र भरतात. असा माल गोळा करणारे दलाल भारतातून निघतानाचं समुद्रभाडं अगदी कमी लावतात, कधी जवळजवळ फुकट. वसुली माल पोचतो त्या टोकाला होते: कंटेनर रिकामा करण्याचा आकार, बंदराचा आकार, कागदपत्रांचा आकार. तिथला एजंट त्यातला वाटा भारतातल्या दलालाला देतो. तोवर सामान त्यांच्या ताब्यात असतं, आणि तुम्ही नव्या देशात जमिनीवर गादी टाकून झोपत असता. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, पैसे भरून मोकळा होतो.

तीन गोष्टी तेव्हाच तपासल्या असत्या तर हे टळलं असतं. पहिली, त्यांच्या कागदावर फिडीचं बोधचिन्ह होतं. फिडी ही आंतरराष्ट्रीय स्थलांतर कंपन्यांची ब्रसेल्सची संघटना आहे आणि तिच्या सदस्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. यांचं नाव त्यात नव्हतं; मी ते नोव्हेंबरमध्ये बघितलं, जूनमध्ये बघायला हवं होतं. दुसरी, बिलावरचा जीएसटी क्रमांक. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, १५ अक्षरांचा असतो आणि जीएसटी पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. आमच्या बिलावरचा क्रमांक टाकला तर वेगळ्याच व्यवसायाचं नाव आलं आणि नोंदणी रद्द झालेली. तिसरी गोष्ट सगळ्यात उघड होती. पैसे कंपनीच्या चालू खात्यात न घेता एका माणसाच्या बचत खात्यात घेतले. "करंट अकाउंटला लिमिट आहे" असं कारण दिलं. सत्तर टक्के आगाऊ आणि उरलेले पॅकिंगच्या दिवशी.

९ जुलैला धो-धो पावसात माणसं आली. बिचारी कामाला चोख होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ३१ खोकी झाली. प्रत्येकावर मार्करने आकडा टाकला, पण आत काय आहे त्या यादीत बहुतेक ठिकाणी 'हाऊसहोल्ड गुड्स, युज्ड' एवढंच लिहिलं. मी म्हटलं सविस्तर लिहा, तर सुपरवायझर म्हणाला, "एवढं कोण वाचतंय मॅडम." त्यानेच स्वयंपाकघरातली तुपाची बरणी उचलून खोक्यात ठेवली. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, हे नवऱ्याने सांगून ठेवलं होतं म्हणून मी ती बाहेर काढली. एका खोक्यात अशी बरणी सापडली तर सगळाच माल तपासणीला अडकू शकतो. यादी मोघम असली की दुसरंही एक नुकसान होतं. एखादी वस्तू हरवली तर ती खोक्यात होती, हे सिद्धच करता येत नाही. आमच्या बाबतीत तेच झालं.

१८ जुलैला बोट सुटली, असा मेसेज आला. सहा आठवडे सांगितले होते. ऑगस्ट संपला, सामान नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं: "तांबड्या समुद्रात हल्ले चालू आहेत ताई, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातायत." आणि हे खरं होतं. २०२३ च्या अखेरीपासून बऱ्याच बोटी सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागल्या होत्या, त्यात जास्तीचे दिवस जातातच. बातमी खरी असल्यामुळे त्याच्या खोटेपणाचा संशयच आला नाही.

शेवटी मी कंटेनर क्रमांक मागितला. तो मिळायला अकरा दिवस लागले. कंटेनरला चार अक्षरं आणि सात अंक असा क्रमांक असतो, आणि जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कुठे आहे ते दिसतं. मला दिलेला क्रमांक खरा होता, पण तो कंटेनर जुलैत न्हावा शेवाला आलेलाच नव्हता. पुढे ऑक्टोबरमध्ये बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल बोटीवर चढवल्याच्या पावतीची, प्रत हातात आली तेव्हा उलगडा झाला. बोटीवर चढवल्याची तारीख होती ७ सप्टेंबर. म्हणजे आमचं सामान पावसाळ्याचे जवळजवळ दोन महिने भिवंडीच्या गोदामात पडून होतं, इतर गिऱ्हाइकांच्या मालाची वाट बघत. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. आम्ही त्या दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यावर धूतवस्त्र पसरून गणपती बसवला होता, चौरंग समुद्रात आहे असं समजून. ती तारीख वाचली आणि मला रडू आलं.

हा बिल ऑफ लेडिंगचा कागद नीट समजून घ्या. एक 'मास्टर' असतो, जो जहाज कंपनी माल गोळा करणाऱ्या दलालाला देते. दुसरा 'हाऊस', जो दलाल तुमच्या नावाने काढतो. आपल्या हातात हाऊसच येतो. माल बोटीवर चढला की तो लगेच मागायचा आणि त्यावर तिकडच्या एजंटचं नाव वाचायचं; पण ते नाव सामान देण्याआधीच विचारून ठेवायचं. त्या एजंटला आपणच मेल करून विचारायचं, माझ्याकडून किती घेणार? हे सामान भारतात असताना विचारलं तर उत्तराचा उपयोग होतो. माल गेल्यावर उत्तर आलं तर ते फक्त बिल असतं.

आता ते २,८६० युरो. तपशील मागितला तेव्हा दोन मोठ्या रकमा दिसल्या. एक, माल ११.४ घनमीटर दाखवून त्यावरचे सगळे आकार. दोन, आयातीवरचा २१ टक्के कर. दुसरी तर सरळ चूक होती. नेदरलँड्समध्ये राहायला येणाऱ्या माणसाच्या वापरलेल्या घरसामानावर आयात शुल्क आणि हा कर माफ असतो. अट अशी की त्याआधी तुम्ही किमान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेले असावेत आणि वस्तू किमान ६ महिने तुमच्या वापरात असाव्यात. आणल्यावर १२ महिने त्या विकता येत नाहीत. डच कस्टम्सकडून त्याची परवानगी घ्यावी लागते. पुण्याच्या माणसाने "ते आमच्याकडे लागलं" म्हणून सांगितलं होतं, अर्ज कोणी केलाच नव्हता. नवऱ्याने नगरपालिकेतली नोंदणी, नोकरीचा करार, जुन्या घराचे कागद जोडून स्वतः अर्ज केला आणि परवानगी मिळाली.

घनमीटरसाठी आम्ही दोघं टेप घेऊन रॉटरडॅमला गेलो. ३१ ऐवजी ३० खोकी होती. देव्हाऱ्याची लाकडी पेटी धरून सगळं मोजलं: ७.९. आमचं सामान एका मोठ्या लाकडी पॅलेटवर दोन हात अंतर सोडून रचलं होतं आणि ती मोकळी हवाही मापात धरली होती. तिथल्या बाईंनी फोटो बघितले, आमच्यासमोर पुन्हा मोजलं आणि बिल १,३१० युरोंवर आलं. मुद्दाम सांगते, त्या बाई नीट वागल्या. आकडा त्यांच्याकडे मुंबईहूनच तसा आला होता.

१,३१० भरले तरी सामान दारात आलं नाही, कारण त्या 'डोअर'मध्ये जिना धरलाच नव्हता. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या भागातली घरं अरुंद आणि उंच आहेत, जिने शिडीसारखे. कपाट जिन्यातून जातच नाही. घरांच्या कपाळावर लोखंडी आकडा असलेली तुळई असते, दोर लावून सामान खिडकीतून वर घेतात. ओढताना ते भिंतीला घासू नये म्हणून बऱ्याच घरांचे दर्शनी भाग मुद्दाम थोडे पुढे झुकवून बांधलेले आहेत. हल्ली शिडीवर चढणारी यांत्रिक लिफ्ट भाड्याने मिळते. ती आणि गाडी लावायला रस्त्यावर जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि मध्यवर्ती भागात साडेसात टनांवरच्या ट्रकला विनापरवाना शिरता येत नाही. पुण्यात व्हिडिओ कॉलवर घर बघणाऱ्याला मी इकडचा पत्ता पहिल्याच दिवशी दिला होता. तो मजला, जिना, गल्ली यातलं काहीच विचारत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. लिफ्ट, गाडी आणि दोन माणसांचे ४६० युरो आम्ही वेगळे दिले.

देव्हारा खिडकीतून आत आला तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. मग पुस्तकांची खोकी उघडली. आधी वास आला, ओल्या पोत्याचा. सासऱ्यांचे ज्ञानेश्वरीचे जुने खंड सगळ्यात खाली होते. पानं एकमेकांना चिकटून एकच वीट झाली होती. सुरीने अलगद सोडवायला गेले तर शाईसकट पापुद्रा निघाला. कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली टिपणं होती, ती गेली.

विम्याचे ११,००० रुपये आम्ही वेगळे भरले होते. पॉलिसीचा क्रमांक विमा कंपनीला कळवला, तेव्हा समजलं की विमा घरापासून न्हावा शेवापर्यंतच्याच प्रवासाचा होता आणि गोदामातला मुक्काम त्यात नव्हता. पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, प्रमाणपत्राच्या एका पानावर जाऊ नका. 'ऑल रिस्क' (थोडंफार नुकसानही धरलेलं) आहे की फक्त 'टोटल लॉस' (सगळं गेलं तरच), कुठून कुठपर्यंत, गोदामात किती दिवस, एवढं वाचा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांवर 'पीबीओ' लिहितात आणि त्यांच्या आतल्या मोडतोडीची भरपाई सहसा मिळत नाही.

पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही ई-दाखिल या तेव्हाच्या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही दावा लावता येतो. आमच्या वतीने दीर मुखत्यारपत्रावर जातात. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. पोलिसांत फसवणुकीचा अर्जही दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कोणाच्या खात्यात गेले? ते बचत खातं अजून चालू आहे, एवढाच सध्या दुवा आहे.

खोकं क्रमांक २३ शेवटपर्यंत मिळालं नाही. यादीत त्याच्यासमोर 'हाऊसहोल्ड गुड्स' लिहिलं आहे. त्यात आईच्या तांब्याच्या घागरी होत्या आणि मुलीच्या बाळपणीच्या दुपट्यांची गाठोडी. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका मैत्रिणीने युरोपला सामान पाठवण्याची एक जाहिरात मला पाठवली. कंपनीचं नाव नवं होतं, फोन नंबर तोच.