गरोदरपणात कोव्हिडची लस : सोलापूरच्या पूर्व भागातील आरोग्य केंद्राचा अनुभव

केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी गरोदर महिलांना कोव्हिडची लस घेण्यास परवानगी दिली. त्यानंतर महिन्याभरात, सहावा महिना चालू असलेल्या माझ्या धाकट्या जावेला घेऊन मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका नागरी आरोग्य केंद्रात गेले. घरात बराच खल झाला होता, कारण सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर महिलांना घेतलेच नव्हते, आणि "बाळाला काही झालं तर?" या सासूबाईंच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ते तिथल्या सिस्टरांनी दिले, आणि या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू मी तीच मानते. बाकावरच्या विडी कामगार बायकांना तेलुगूत आणि आम्हाला मराठीत त्यांनी न कंटाळता समजावले, की लस घेतली म्हणजे कोव्हिड होणारच नाही असे नाही, पण गरोदरपणी तो झाल्यास अतिदक्षता विभागात जाण्याचा आणि दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याचा जो धोका वाढतो, तो लशीमुळे कमी होतो. शिवाय आईच्या शरीरात तयार झालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) वारेतून बाळापर्यंत पोचतात. पुढे इस्रायलमधील गरोदर महिलांचा अभ्यास माझ्या वाचनात आला. त्यात फायझरच्या दोन डोसनंतर रुग्णालयात दाखल होण्यापासून ८९ टक्के संरक्षण आढळले होते. तो विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकार येण्यापूर्वीचा आणि वेगळ्या लशीचा असल्यामुळे तो आकडा जावेला दिलेल्या कोविशील्डला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण सिस्टरांचे म्हणणे त्याच्याशी जुळणारे होते.

लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवले आणि ताप आल्यास पॅरासिटामॉल घेण्यास सांगितले, हेही योग्यच झाले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. कोविशील्डच्या बाटलीत दहा डोस असत आणि ती फोडल्यावर चार तासांत संपवावी लागे, म्हणून दहा जण जमेपर्यंत गरोदर बाईलाही पाठ टेकायला जागा नसलेल्या बाकावर ताटकळत बसावे लागले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुरेसे संरक्षण दोन डोसनंतर मिळते आणि त्या वेळी कोविशील्डच्या दोन डोसमधील अंतर किमान ८४ दिवसांचे, तर कोव्हॅक्सिनचे २८ दिवसांचे होते. सहाव्या महिन्यातल्या बाईला हा फरक पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता, तो कोणी सांगितला नाही.

जावेचा दुसरा डोस नवव्या महिन्यात गेला. त्या दिवशी बाटली आधीच फोडलेली होती, आणि त्याच सिस्टरांनी तिला रांगेतून पुढे बोलावून स्वतःची खुर्ची दिली.