सुगंधी तुलबागिया घ्यायचं की सोसायटी गार्लिक?

लसणाच्या कुळातलं फुलझाड लावायचंय पण वासाचं काय, असा प्रश्न पडला असेल तर आधी झाड कुठे ठेवणार ते ठरवा, कारण या दोघांत खरा फरक तिथेच पडतो.

दोन्ही तुलबागियाच, दोन्ही मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, फुलंही दुरून सारखीच, जांभळट चांदण्यांचे झुपके. सोसायटी गार्लिक म्हणजे तुलबागिया व्हायोलेशिया. याची पानं अरुंद, राखाडी-हिरवी, आणि जरा चुरगाळली की लसणाचा चांगलाच उग्र भपकारा येतो, कारण पान दुखावलं की त्यातली गंधकाची संयुगं मोकळी होतात. पण झाड एकदम काटक! कडक ऊन, थोडंफार पाणी चुकलं तरी चालतं, आणि उन्हाळाभर ते पार शरदापर्यंत फुलं येतच राहतात. पानं खाताही येतात, चिरून सॅलडवर टाकतात.

सुगंधी ते तुलबागिया सिमलेरी, याला फ्रॅग्रन्स नावानेही विकतात. पानं रुंद, पट्टीसारखी, लसणाचा वास अगदी सौम्य. झुपका जास्त भरगच्च आणि फुलांना खरोखर गोड सुवास, फुलदाणीत ठेवली तरी खोलीत दरवळतो. पांढऱ्या फुलांचंही मिळतं. फुलायची वेळ मात्र वेगळी, हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत, म्हणजे बाकी बाग सुस्त असते तेव्हा, आणि मला हे फारच मोलाचं वाटतं. थोडी सावली चालते, कडाक्याची थंडी मात्र व्हायोलेशियाइतकी सोसत नाही.

पाण्याचा निचरा दोघांनाही चांगलाच लागतो, मुळाशी पाणी साचलं की कंद सडतात. गर्दी झाली की विभागून लावायचं, एवढंच.

माझं मत विचाराल तर खिडकीशी, बसायच्या जागेजवळ किंवा कुंडीत ठेवायचं असेल तर डोळे झाकून सिमलेरी घ्या. वाटेच्या कडेला लांबच लांब रांग हवी असेल, महिनोन्‌महिने रंग हवा असेल आणि पानांना कुणाचा धक्का लागणार नसेल तर व्हायोलेशिया, तिथे त्याला तोड नाही.

घेताना नुसत्या लेबलवर जाऊ नका, पान बघा आणि टोक हलकं चोळून वास घ्या. आणि गार्लिक वाईन म्हणून जो वेल मिळतो तो यातला नाहीच बरं का, त्याच्या पानांना लसणाचा वास येतो पण लसणाशी त्याचं काही नातं नाही.