स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटतं, टाके भरतात, नस मोकळी झाल्याचं रिपोर्टमध्ये दिसतं, तरी मांडीपासून तळव्यापर्यंतची जळजळ जात नाही. अशा रुग्णांना पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हे यंत्र सुचवलं जातं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवायच्या, कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बॅटरी ठेवायची आणि दुखण्याच्या संदेशात विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी अडथळा आणायचा. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या 'गेट' सिद्धांतावर (मज्जारज्जूतलं 'दार' बंद झालं की दुखण्याचा संदेश पुढे जात नाही) ही कल्पना उभी राहिली आणि १९६७ साली न्यूरोसर्जन शीली यांनी पहिलं यंत्र माणसात बसवलं. मेडट्रॉनिक, बॉस्टन सायंटिफिक, अ‍ॅबट हे यातले मोठे उत्पादक.

आमचं मत आधीच सांगतो: यंत्र कामाचं आहे, पण मोजक्या लोकांसाठी. पायात उतरणारी नसेची जळजळ, मुंग्या, विजेसारखी कळ हे त्याचं खरं क्षेत्र. नुसती कंबर धरत असेल, वाकताना चमक भरत असेल, तर एवढा खर्च करू नये.

त्याआधी दुखणं का राहिलं ते शोधलंच पाहिजे, कारण खरी चूक इथेच होते. ऑपरेशननंतर पाय एकदाही मोकळा झाला नाही, तर नसेला आधीच इजा झालेली असते किंवा दबाव पुरता निघालेला नसतो. सहा-आठ महिने छान गेले आणि एके दिवशी अचानक कळ आली, तर गादी पुन्हा सरकल्याची शंका घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी हळूहळू दुखणं परतलं, तर नसेभोवतीचं व्रणाचं जाळं हे कारण संभवतं. गादी आणि व्रण साध्या एमआरआयवर सारखेच दिसू शकतात. गॅडोलिनियम या रंगद्रव्याचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन देऊन एमआरआय केला की व्रण उजळतो, सरकलेली गादी मधे काळीच राहते. पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे मणका हलतोय का ते सांगतात. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या संसर्ग आहे का ते पाहण्यासाठी. गादी सरकलेली किंवा मणका हलत असेल तर प्रश्न पुन्हा ऑपरेशनचा आहे, यंत्राचा नाही. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर पेन क्लिनिकची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

या यंत्राची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे ट्रायल. कायमचं बसवण्याआधी साधारण आठवडाभर वापरून बघता येतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये ही सोय नसते. पालथं झोपवून जागा बधिर करतात आणि बहुधा कमरेच्या वरच्या मणक्यांमधून सुई घालून तारा छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत नेतात. जुना व्रण खाली, कमरेच्या एल-४, एल-५ या मणक्यांजवळ असल्याने वाट सहसा मोकळी मिळते. बॅटरीचा डबा बाहेर, पट्ट्याला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ट्रायल बिघडते ती बहुतेक वेळा तार सरकल्याने. त्या आठवड्यात अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. वाकणं, पिळणं, हात उंच करून फडताळातलं काढणं बंद. भारतीय संडासात उकिडवं बसणं टाळा, खुर्चीचा कमोड आणून ठेवा. आणि वही ठेवा: सकाळ-संध्याकाळ दुखण्याचे दहापैकी गुण, सलग किती मिनिटं बसता आलं, किती चालता आलं, किती झोप लागली, किती गोळ्या लागल्या. दुखणं निदान निम्म्याने कमी व्हावं हा प्रचलित निकष, पण आम्ही चालण्याच्या मिनिटांना जास्त मान देऊ. 'बरं वाटतंय' एवढ्यावर होकार देऊ नका.

कायमच्या बॅटरीची जागा ऑपरेशनआधी उभं राहून, बसून, पेनने आखून घ्या. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेमका तिथे आला की ती जागा रोज दुखते. चार्ज होणारी बॅटरी जास्त वर्षं टिकते, पण चार्जर अंगाला लावून नियमाने बसावं लागतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी साधी घ्यावी. दुखण्याच्या जागी मुंग्या जाणवतात त्या पारंपरिक प्रकारात आडवं झालं की मज्जारज्जू तारांजवळ येतो आणि झटका जोरात जाणवतो. म्हणून झोपताना वेगळं सेटिंग हवं, आणि गाडी चालवताना यंत्र बंद.

पुढे तार सरकणं किंवा तुटणं, संसर्ग, बॅटरीच्या जागी दुखणं, काही वर्षांनी गुण ओसरणं, हे सगळं होतं. एक धोका मात्र आपल्याकडे फार जवळचा आहे: फिजिओथेरपीचा शॉर्टवेव्ह शेक. यंत्र असलेल्याला हा शेक, म्हणजे डायथर्मी, कधीच द्यायची नाही, गुडघ्यालाही नाही. तारा तापून कायमची इजा होऊ शकते. एमआरआयही मॉडेलच्या अटी पाहूनच.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत नुसत्या औषधांपेक्षा यंत्राने पायाचं दुखणं बरंच जास्त कमी झालं, पण त्यात खोट्या यंत्राशी तुलना नव्हती. २०२२ साली नॉर्वेत ५० रुग्णांना कळू न देता यंत्र चालू-बंद करून पाहिलं, तेव्हा दैनंदिन कामातल्या अडचणीत दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. ती चाचणी 'बर्स्ट' (स्पंदनं झुपक्यांनी देणाऱ्या) या एकाच पद्धतीची होती, तरी तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

खर्च काही लाखांत जातो. ट्रायलच्या तारा, कायमच्या तारा आणि बॅटरी यांचं वेगवेगळं कोटेशन मागा आणि विमा कंपनीची मंजुरी लेखी घ्या. सेटिंग जुळवायला पहिल्या काही महिन्यांत अनेकदा जावं लागतं; क्लिनिक पुण्यात आणि घर लातूरला असेल, तर कंपनीचा माणूस तुमच्या शहरात येतो का, आणि यंत्र काढायची वेळ आली तर ते कोण काढेल व खर्च कोणाचा, हे सही करण्याआधी विचारून घ्या.